ऐकू आलं नाही

“हजर!” मी ओरडले.

शिवलिंगाप्पाची पिठाची गिरणी ऐन भरात होती. पट्टा फडफडत होता, जोंधळा दळला जात होता आणि त्या घरघरीत माझा आवाज मलाच धड ऐकू आला नाही. म्हणून तर मी ती जागा निवडली होती.

“काय म्हणाला वहिनी?” शिवलिंगाप्पानं कानावर बांधलेलं फडकं सारलं.

“काही नाही. जाड दळा म्हटलं.”

“जाड? भाकरीचं पीठ जाड?”

त्या आठवड्यात आमच्या घरी प्रत्येक भाकरी थापताना कडेनं चिरली. आमचे हे म्हणाले, गिरणी बदल. मी कशी बदलणार? गावातल्या बायका गिरणीत दळण दळतात, मी तिथं सुडाची तालीम करत होते.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि मला माणसांची भीती वाटायची. लाजाळूपणा वेगळा. लाजाळू बाई पाहुण्यांसमोर पदर सावरते आणि खाली मान घालून का होईना, चहा देते. पाहुणे आले की मी न्हाणीघरात जाऊन भरलेली बादली पुन्हा भरत बसायची. फोन वाजला की मी तो उशीखाली दाबायची. त्यात आदल्या दिवाळीनंतर मी अंथरुणातून उठायचंच सोडलं. भूक नाही, झोप नाही, वेणी घालायचं बळ नाही. हे म्हणाले, पित्त असेल. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. माझी मुलगी पूर्वा तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, “आईला डिप्रेशन आहे. आता कुणी लिंबू उतरवलं तर मी त्याचं सरबत करून पिणार.”

तिनंच मला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दर गुरुवारी शेजारच्या खोलीत समुपदेशक मॅडमकडे जायला सांगितलं. शबाना मणेर त्यांचं नाव. गल्लीत आम्ही सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातेय. सहा महिन्यांनी समोरच्या काकू म्हणाल्या, “लतिका, एवढ्या दिवसांत नवी बत्तीशी बसली असती गं.”

पहिले तीन गुरुवार मी मणेर मॅडमसमोर नुसती बसून राहिले. त्यांनी घाई केली नाही, की समजूत घातली नाही. चौथ्या गुरुवारी मी म्हटलं, “माझं नाव लतिका.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या, “पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

मग त्यांनी कागदावर एक जिना काढला. दहा पायऱ्यांचा. ज्याची सगळ्यात कमी भीती वाटते ते काम खालच्या पायरीवर, जास्त भीतीचं त्याच्या वर. पहिली पायरी, अनोळखी बाईला वेळ विचारणे. तिसरी, गॅसवाल्याला फोन करणे. पाचवी, नासका नारळ दुकानदाराला परत देणे. त्या नारळानं माझा जीव घेतला. पहिल्या दिवशी मी दुकानावरून चार चकरा मारल्या आणि शेवटी तो मारुतीच्या पायरीवर ठेवून घरी आले. पुढच्या आठवड्यात दुसरा नासका निघाला, तो मात्र परत केला. दुकानदारानं एक शब्द न बोलता बदलून दिला. मला उलट वाईटच वाटलं. मी भांडायची तयारी करून गेले होते.

दहावी पायरी रिकामी होती. “तिथं काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा,” मॅडम म्हणाल्या. मला सुचत नव्हतं.

ते विमलच्या फोननं सुचवलं. विमल पाटोळे, शाळेत माझ्या शेजारी बसायची. लग्नानंतरही तिनं माझा माग सोडला नव्हता.

“लते, आपल्या बॅचचा मेळावा हाय गं मे महिन्यात. शाळेतच मांडव घालायचा. घंटा वाजवायची, प्रार्थना म्हणायची, सगळं तेव्हासारखं. माळवदे सरांचा सत्कार हाय. आणि ऐक, सर हजेरी घेणार हायत! हजेरीच्या जुन्या कॅटलॉगवरनं नावं उतरवून काढलीत मी. तुझंबी घातलंय.”

 फोन ठेवल्यावर मी पेन घेतलं आणि जिन्याच्या दहाव्या पायरीवर एकच शब्द लिहिला. हजर.

तुम्हाला हा शब्द सोपा वाटेल. मला नववीत तो म्हणता यायचा नाही. वर्गात साठ पोरं. आधी मुलग्यांची नावं, मग मुलींची. माझा नंबर सत्तेचाळीस. चाळिसाव्यापासून माझे तळहात भिजायचे आणि नंबर आला की त्या ‘ह’वर घसा बंद व्हायचा. मी उभी राहायची, हात वर करायची. माळवदे सर चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, “मोठ्यांदा. ऐकू आलं नाही.” पुन्हा ओठ हलायचे. “ऐकू आलं नाही. जो बोलत नाही तो माझ्या वर्गात नाही.” मग लाल शाईची फुली. पोरं हसायची. सगळी शाळा मला ‘गैरहजर’ म्हणायची, ‘ए गैरहजर, इकडं ये’.

हे रोज. पावसाळा गेला, सहामाही झाली. मी एक दिवस शाळा बुडवली नव्हती आणि कॅटलॉगमध्ये माझ्या नावापुढं त्रेसष्ट फुल्या होत्या. कार्यालयातल्या कारकुनानं फुल्या मोजल्या आणि नियमाप्रमाणं घरी कार्ड टाकलं. आपली पाल्य त्रेसष्ट दिवस शाळेत गैरहजर आहे.

मुलगा असता तर दोन थपडा खाऊन सुटला असता. मी पंधरा वर्षांची मुलगी होते. रोज सकाळी डबा घेऊन, दोन वेण्या घालून घरातनं निघत होते. ती शाळेत जात नव्हती, तर जात कुठं होती? आणि कुणाबरोबर? आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हाताला धरून शाळेत नेलं. विमल धावत आली, “काका, ती रोज माझ्याशेजारी बसती!” आण्णा म्हणाले, “मैत्रीण मैत्रिणीला झाकणारच.”

माळवदे सर शिक्षकांच्या खोलीत पान जुळवत बसले होते. आण्णांनी कार्ड पुढं केलं. सरांनी ते वाचलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की अहो, ही माझी वर्गातली शिस्त आहे, पोरगी रोज येते. पण मग हेडमास्तरांना खोट्या फुल्यांचं उत्तर द्यावं लागलं असतं. सर म्हणाले, “रजिस्टर खोटं बोलत नसतं, नामदेवराव.” मग माझ्याकडं वळले. “नाहीतर तिलाच विचारा. होतीस का गं हजर? बोल. मोठ्यांदा.”

मी तोंड उघडलं. ‘ह’ निघाला नाही.

“बघा,” सर म्हणाले.

घरी आल्यावर आण्णा मला मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारलं नाही. जेवले नाहीत, बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी माझं दप्तर माळ्यावर टाकलं. चैत्रात माझं लग्न लावून दिलं. नवरा सरळ निघाला हे माझं नशीब, त्यात कुणाची अक्कल नव्हती.

हे सगळं मी मणेर मॅडमना एका दमात सांगितलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं असेल ते. पर्समधून चार पानं काढून त्यांच्यासमोर ठेवली. मांडवात, माईकवरून सरांना काय काय बोलायचं ते लिहिलं होतं. त्यात ‘मास्तरड्या’ हा शब्द अकरा वेळा होता.

मला वाटलं, आता या म्हणणार, क्षमा करा, मोठ्या मनाच्या व्हा. त्यांनी चारही पानं शांतपणे वाचली.

“राग आला हे मला चांगलं वाटतंय,” त्या म्हणाल्या. “मागच्या दिवाळीनंतर तुम्हाला काहीच येत नव्हतं. रागसुद्धा.”

“मग हे म्हणू ना?”

“म्हणा किंवा म्हणू नका, ते मी सांगणार नाही. सूड म्हणजे उपचार नव्हे, एवढं मात्र लक्षात ठेवा. एक विचारते. ही चार पानं तुमची झाली. सरांनी काय म्हटलं, की तुम्हाला पुरे होईल?”

मला तीन गुरुवार लागले उत्तराला. चारांची दोन पानं झाली, दोनाचं एक झालं, शेवटी एकच ओळ उरली. ती हजर होती. एवढंच म्हणायचं सरांनी. पण ते कुणाला म्हणायचं, हे मी मॅडमना सांगितलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मी आधी माहेरी गेले. आण्णा शाळेच्या गावातच माझ्या भावाकडं राहतात. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरचे होते आणि ऐकायला कमी यायचं. भावानं आणलेलं कानाचं मशीन डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवलेलं. त्यांच्याशी बोलायचं तर आख्खी गल्ली ऐकायची.

“आण्णा, चला! शाळेत! माळवदे सरांचा सत्कार आहे!”

“मी काय करू थितं?”

“जेवण आहे! जिलबी!”

 त्यांनी स्वच्छ टोपी मागितली.

मांडवात सगळ्यांना फेटे बांधले होते. पोटं सुटलेली, केस गेलेली माणसं बाकावर दाटीवाटीनं बसली होती आणि एकमेकांच्या पाठीत खडू मारत होती. आण्णांना मी शेवटच्या रांगेत कूलरशेजारी खुर्ची दिली. सर आले. एक्काहत्तर वर्षांचे, पण ताठ. काठी नाही, हात थरथरत नाही, आवाज खणखणीत. मला हायसं वाटलं. आजारी माणसावर सूड उगवता येत नाही.

घंटा झाली, प्रार्थना झाली, सरांना शाल दिली. विमलनं त्यांच्या हातात कॅटलॉग दिला आणि हजेरी सुरू झाली. “हजर सर!” “हजर सर!” पुण्यात कंपनीत असलेला एक जण “येस सर” म्हणाला, त्याला सगळ्यांनी ओरडून खाली बसवलं. चाळीस. एक्केचाळीस.  इतक्या महिन्यांचे गुरुवार, गोळ्या, गिरणी, नारळ, सगळं कुठल्या कुठं गेलं आणि मी पंधरा वर्षांची होऊन बसले.

“सत्तेचाळीस. लतिका नामदेव डुबल.”

मी उभी राहिले. घसा बंद.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पसरली. “अरे वा! ही तर आमची कायमची गैरहजर!” मांडव खदखदून हसला. “होय ना गं? बोल की. मोठ्यांदा. ऐकू आलं नाही!”

सव्वीस वर्षांत या माणसानं एक शब्दसुद्धा बदलला नव्हता. त्याचाच उपयोग झाला. संताप असा आला की भीतीला बसायला जागा उरली नाही. मॅडमनी शिकवल्याप्रमाणं दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, श्वास सोडला आणि त्याच्याबरोबर शब्द सोडला.

“हजर!”

गिरणीतला आवाज होता तो, आणि इथं गिरणी नव्हती. मांडवाबाहेर कढईजवळचा आचारी झारा घेऊन वळून बघायला लागला. टाळ्या पडल्या. विमल रडायला लागली.

“शाब्बास!” सर म्हणाले. “बघा! शेवटी भीड चेपली की नाही!”

मणेर मॅडमचा जिना तिथं संपत होता. अकरावी पायरी माझी मी काढली होती. मी बाकातून बाहेर आले आणि स्टेजवर चढले.

“सर, आता मी हजेरी घेऊ?”

पुन्हा टाळ्या. सरांनी हौसेनं कॅटलॉग माझ्या हातात दिला आणि स्वतः विद्यार्थ्यासारखे हाताची घडी घालून उभे राहिले. मी पर्समधून लाल पेन काढलं.

“रघुनाथ ज्ञानदेव माळवदे.”

“हजर बाई!” सर हसत म्हणाले.

“मोठ्यांदा. ऐकू आलं नाही.”

“हजर!”

“ऐकू आलं नाही.”

“हजर!!” पोरं हसून लोळत होती.

मी सगळ्यांना दिसेल अशी लाल फुली मारली. “गैरहजर.”

“अगं, मी इथं तुझ्यासमोर उभा आहे.”

“मीही होते, सर.”

हसणं पुढच्या बाकांवर आधी थांबलं, मग मागच्या. सरांच्या हाताची घडी सुटली.

“नववी ब,” मी म्हटलं. “त्रेसष्ट फुल्या. मी तिसऱ्या बाकावर होते आणि तुम्ही मला बघून फुली मारत होता. त्या फुल्यांवर माझी शाळा सुटली. माझं लग्न झालं तेव्हा मला सोळावं लागलं होतं.”

“होती सर,” विमल जागेवरून म्हणाली. “माझ्या शेजारी. रोज.”

सर हळू आवाजात म्हणाले, “अगं, ते तुझ्या भल्यासाठी होतं. तुझी भीड चेपावी म्हणून.”

“चेपली, सर. सव्वीस वर्षं लागली, आणि तुमच्यामुळं नाही चेपली. मला भाषण करायचं नाही. एकच सांगा. मी वर्गात होते का नव्हते?”

“होतीस,” सर पुटपुटले. “आता हा विषय इथं...”

“मला नका सांगू. मला माहीत आहे. ज्यांना तुम्ही नव्हती म्हणून सांगितलं होतं, ते मागं बसलेत. त्यांना सांगा.”

सगळ्या माना मागं वळल्या. आण्णा कूलरशेजारी, पांढरी टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर. सरांना ते ओळखू आले. सरांच्या कानापर्यंत लाली चढलेली मी जवळून पाहिली आणि डोळे भरून पाहिली.

“नामदेवराव,” सर म्हणाले, “पोरगी वर्गात होती.”

आण्णांनी कानामागं हात नेला. “आँ? काय म्हनला?”

मला एवढं सुख होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मी सरांकडं वळले.

“मोठ्यांदा, सर. त्यांना ऐकू आलं नाही.”

“पोरगी वर्गात होती!” सर ओरडले.

आण्णांनी मान हलवली. “न्हाई आलं.”

कुणीतरी सरांसमोर माईक धरायला पुढं झालं. मी हातानंच थांबवलं. मला कुणी माईक दिला नव्हता.

“लतिका हजर होती!” सरांचा आवाज चिरकला. “रोज हजर होती! फुली मी मारली होती! खोटी!”

आण्णांनी कानामागचा हात काढला. टोपी नीट केली, उठले आणि कुणाकडंही न बघता मांडवाबाहेर चालू लागले. मी कॅटलॉग सरांच्या हातात ठेवला. पायऱ्या उतरताना एक फेटेवाला म्हणाला, “लतिका, त्यांचं वय तरी बघायचं होतंस.”

“त्यांनी माझं बघायला हवं होतं,” मी म्हटलं. “पंधरा होतं.”

पुढच्या गुरुवारी मणेर मॅडमनी विचारलं, “कसं वाटलं?”

“फार गोड,” मी खरं ते सांगितलं.

“आणि झोप?”

“गोळी घेतल्यावर लागली.”

त्यांनी नवा कागद घेतला आणि नवा जिना काढला. मी पुढचं दीड वर्ष जात राहिले. सुडानं माझं डिप्रेशन गेलं नाही. ते गुरुवारांनी गेलं, हळूहळू, नासक्या नारळांनी. पण सूड घेतला नसता तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्या दिवशी मी आण्णांना गाठलं तेव्हा ते एसटीच्या थांब्यावर, मला सोडायला आल्यासारखे बाकावर बसले होते. मी शेजारी बसले. जिलबी राहिली होती. वीस मिनिटं ते रस्त्याकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी मला काहीतरी म्हणावं म्हणून मी सव्वीस वर्षं थांबले होते, पण आता माझ्याच्यानं शांतता सोसेना.

“आण्णा,” मी त्यांच्या कानाशी ओरडले, “मशीन घालत जावा कानात! सरांना तीन तीनदा ओरडावं लागलं!”

आण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. लांबून गाडी येताना दिसत होती.

“ओरडू नगं,” ते म्हणाले. “मला पयल्या खेपेलाच आयकू आलं हुतं.”